हँडलच्या नळीतून

९ ऑगस्ट

जावईबापू,

आशीर्वाद दरवेळी लिहून शाई दवडत नाही, ते चालूच आहेत असं समजा.

इकडे सगळं ठीक. घरात मी आणि तायडी, दोघंच. तुमची बायको सकाळी सातला रक्त तपासणीची बॅग खांद्याला लावून लोकांच्या घरी सुया टोचायला जाते. आणि मी, पस्तीस वर्षं अर्ध्या गावाला कपडे घातलेला शिंपी, दुकानाला कुलूप लावून दीड वर्ष झालं, घरात बसून भिंतींची मापं घेतो. लोक आता तयार शर्ट घेतात आणि लांब झालेल्या बाह्या दुमडून हिंडतात. त्यांना लाज नाही, मला काम नाही.

तुमची मोटरसायकल सुखरूप आहे. तुम्ही सांगून गेल्याप्रमाणे दर रविवारी चादर काढतो, पुसतो, किक मारतो, पाच मिनिटं धूर काढतो, पुन्हा चादर. पण परवा पुसताना नीट बघितलं. टाकी कशी घोटून गुळगुळीत केलीत, चाकं कशी आरशासारखी, आणि हँडलवर बघावं तर वायरींचं भेंडोळं! काळ्या पट्टीने कसंबसं गुंडाळलेलं आणि खाली लोंबणारं. कोटाचं अस्तर बाहेरून लावावं तसं. जावईबापू, हँडल म्हणजे शेवटी नळीच ना? पोकळ? मग वायरी आतून का नेत नाहीत? पायजम्याची नाडी आपण नेफ्याच्या बाहेरून बांधतो का?

मी परवानगी मागत नाही, नुसती माहिती विचारतोय.

तुमचा सासरा

१७ ऑगस्ट

मामा, नमस्कार.

पत्र आठवड्याच्या जीपने आलं. इथे डोंगरातल्या वीजघरात दुसरं काही पोचत नाही. फोन एकच, तो साहेबांच्या टेबलावर, आणि त्यावर कायम साहेबांची आई.

तुमची कल्पना चांगली आहे. माझी विनंती अशी की ती कल्पनाच राहू द्यावी. गाडी उभी करायला मला तीन वर्षं लागली. हँडलला भोक पाडलं की ते कमजोर होतं, आणि चुकीच्या जागी पाडलं तर चालत्या गाडीत मोडू शकतं. समजा एखाद्याला करायचंच असेल, तर भोक नेहमी खालच्या बाजूने, आठ मिलिमीटरच्या वर नाही. एक बटणांच्या खोक्याखाली, दुसरं मधोमध. हँडल जिथे पकडीत आवळलेलं असतं त्याच्या लगत तर मुळीच नाही, सगळा जोर तिथे येतो. वाकलेल्या भागावरही नाही. उजव्या मुठीखाली नाही, ती फिरते. बॅटरीची जोडणी आधी सोडवायची. कडा घासून गुळगुळीत करायच्या, नाहीतर वायर सोलते. पण हे सगळं माहितीसाठी. आपण हात लावू नये.

तिची तब्येत कशी आहे? पत्रं फार छोटी लिहिते हल्ली.

तुमचा

जावई

२६ ऑगस्ट

जावईबापू,

इतकं सविस्तर मार्गदर्शन केल्याबद्दल आभार. तुमचं पत्र कापायच्या टेबलावर टाचणीने लावलं आणि त्याबरहुकूम कामाला लागलो.

भोकं पाडली. दचकू नका. आधी कागदाचं माप काढलं, खडूने खूण केली, तायडीने दोनदा टेपने तपासली, मग ड्रिल. जावईबापू, भोक पाडणं कुणालाही येतं, काज करणं शिंप्याला येतं. एकेक कड अर्धा अर्धा तास घासली. जीभ फिरवली तरी खरचटणार नाही. (फिरवून बघितली. लोखंडाची चव येते.)

खरी पंचाईत ओवण्याची. दुकानात टाचण्या गोळा करायचं मोठं लोहचुंबक आहे. म्हटलं, दोऱ्याला सुई बांधून नळीत सोडावी आणि बाहेरून चुंबक फिरवत न्यावी. चुंबक हँडललाच असं चिकटलं की सोडवायला तायडी आणि शेजारचा कंपाउंडर, दोघं लागले. मग तायडी म्हणाली, "बाबा, सायकलच्या ब्रेकची तार घ्या." ती बाकातून अशी गेली की बघत राहावं. तारेला दोरा, दोऱ्याला वायरी, एकाखाली एक पायरीने बांधलेल्या, म्हणजे गाठ जाड होत नाही. वरून खडूची पूड. एकाने ढकलायचं, एकाने ओढायचं. ओढणाऱ्याने घाई केली की नाडी तुटते, हे तुमच्या पुस्तकात नसेल.

आता एकच शंका. टोकाच्या पितळी टोप्या काढाव्या लागल्या आणि खुणेच्या चिठ्ठ्या पंख्याने उडाल्या. तेव्हा कळवावं: राणी रंगाची वायर कशाची? चिंतामणी कशाची? आणि मोरपंखी हॉर्नची की दिव्याची?

तुमचा सासरा

४ सप्टेंबर

मामा, नमस्कार.

पत्र वाचून मी थोडा वेळ धरणाच्या भिंतीवर जाऊन बसलो. आता बरं आहे.

वायरीत राणी रंग नसतो. चिंतामणी म्हणजे काय ते इथे अठरा जणांना विचारलं. कुणी निळा म्हणतो, कुणी जांभळा, आचारी म्हणतो तो रंगच नाही, माणूस आहे.

रंग विसरा. एक छोटा बल्ब आणि टॉर्चचा सेल घ्या. दोन वायरींच्या मोकळ्या टोकांमध्ये सेल आणि बल्ब एकापाठोपाठ जोडा, आणि बटण दाबा. ज्या बटणाने बल्ब लागेल त्या बटणाच्या त्या वायरी. एकेक करून चिठ्ठी बांधा, आणि पंखा बंद ठेवा.

मधल्या भोकातून बाहेर आल्यावर वायर ताणून बांधू नका. हँडल पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे वळवून बघा, दोन्हीकडे ढील उरली पाहिजे. भोकात रबराची कडी बसवा. आणि मामा, यात माझा काही राग नाही. फक्त पुढच्या वेळी माझं उत्तर यायची वाट बघावी.

जावई

१३ सप्टेंबर

जावईबापू,

राग नाही हे वाचून बरं वाटलं, कारण तुमचं अक्षर काही वेगळंच सांगत होतं.

बल्ब-सेलची युक्ती नामी. सगळ्या वायरी ठिकाणावर. दिवा लागतो, डावा-उजवा इशारा डावा-उजवाच लागतो. हँडल असं दिसतं की गाडीला वायर नावाचा प्रकारच नाही. कंपाउंडर तर गाडीभोवती प्रदक्षिणा घालून गेला आणि दुसऱ्या दिवशी स्वतःची गाडी घेऊन दारात हजर. त्याचंही करून दिलं. त्याचा दिव्याचा खटका दाबला की हॉर्न वाजतो, पण तो म्हणतो चालेल, नाहीतरी समोरच्याला कळल्याशी मतलब.

आपल्या गाडीत एकच खोड राहिली आहे. डावीकडे पूर्ण वळवली की हॉर्न आपोआप वाजतो. काल चौकात पोलिसाने हात केला, त्याला वाटलं त्यालाच हाका मारतोय. बाकी उत्तम. तायडीही म्हणते की डावीकडे वळताना पूर्वीपेक्षा पुष्कळ हलकं वाटतं.

हॉर्नचं काय ते कळवावं.

तुमचा सासरा

२१ सप्टेंबर

मामा,

हॉर्न: त्याची वायर भोकाच्या कडेला सोलली गेली आहे. उघडी तार हँडलच्या लोखंडाला टेकली की हॉर्न वाजणारच. रबरी कडी बसवली नसणार. वायर बदला, कडी बसवा.

आता दुसरं. 'पूर्वीपेक्षा'. मामा, पूर्वी म्हणजे कधी? चादरीखालची गाडी चौकात कशी पोचली?

जावई

३० सप्टेंबर

जावईबापू,

पस्तीस वर्षांत एकदाही कात्री वाकडी गेली नाही, आणि एका शब्दाने घात केला. आता लपवण्यात अर्थ नाही.

तायडी गाडी चालवते. तुम्ही गेल्यानंतर पंधराव्या दिवसापासून. सकाळची बस कधी येते, कधी येत नाही, आणि उपाशीपोटी रक्त द्यायला बसलेली माणसं हिच्या नावाने खडे फोडतात. तुम्ही जाताना म्हणाला होतात, गाडी जड आहे, तिला झेपणार नाही. पहिले चार दिवस तिलाही तसंच वाटलं. पाचव्या दिवशी तिने मला मागे बसवून दवाखान्यापर्यंत नेलं. मी डोळे मिटून होतो, तेव्हा रस्त्याचं वर्णन करू शकत नाही.

आणि वायरींचं कारण शोभा नव्हती. शोभेसाठी मी कोट शिवतो. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात वळताना तिच्या बॅगेचा पट्टा त्या लोंबत्या भेंडोळ्यात अडकला. हँडल वळेना, वायर ओढली गेली, हॉर्न सुरू झाला तो थांबेना, आणि आमची मुलगी बोंब मारणाऱ्या गाडीसकट गादीवाल्याच्या दुकानात. नशीब थोर म्हणून गादीवाला. पलीकडे काचवाला आहे. कोपर तेवढं खरचटलं. नळ्यांमधल्या रक्ताचा एक थेंब सांडला नाही, हे ती अजून अभिमानाने सांगते.

ती म्हणाली, "बाबा, त्यांना कळवू नका." मी म्हटलं, नाही कळवत. पण पुन्हा पट्टा अडकता कामा नये, एवढं माझ्या हातात होतं.

हॉर्न दुरुस्त झाला. तिच्या लॅबमधल्या बाटल्यांची रबरी बुचं मधोमध कोरली, काजात अशी बसली की बोलायला नको.

सासरा

८ ऑक्टोबर

मामा,

तुम्ही वडील आहात म्हणून थोडक्यात लिहितो. गाडीवर चादर घाला आणि किल्ली तुमच्या गल्ल्यात ठेवा. मला विचारलं नाही, सांगितलं नाही, उलट मीच तुम्हाला भोकं कशी पाडायची ते शिकवत बसलो. तिला काही झालं असतं तर? दोघांनी मिळून मला अंधारात ठेवलंत. घरच्या माणसापासून गोष्टी लपवणं मला पटत नाही.

जावई

१४ ऑक्टोबर

जावईबापू,

तुमचं पत्र आणि तुमच्या कंपनीचं पाकीट एकाच दिवशी आलं. पोस्टमनने दोन्ही तायडीच्या हातात दिली.

पाकिटातला कागद असा: तुमची मुदत या महिन्यात संपत होती, ती तुम्ही आणखी दोन वर्षांनी वाढवून घेतली आहे, आणि खाली वारस म्हणून पत्नीने सही करून कागद परत पाठवावा.

तायडीने आधी तो कागद वाचला, मग तुमचं पत्र. शेवटचं वाक्य तिने मोठ्याने वाचलं, घरच्या माणसापासून गोष्टी लपवण्याबद्दलचं. मग दोन्ही कागद एकात एक घडी घालून शिलाई मशीनच्या खणात ठेवले आणि कामावर गेली. गाडीवरून. किल्ली मी गल्ल्यात ठेवली नव्हती, आणि ठेवली असती तरी त्या वेळी तिला अडवायची माझी छाती नव्हती.

मी तुमचा सासरा आहे, तिचा बाप आहे. दोन्ही बाजूंनी एकच प्रश्न विचारतो. तुम्हाला परत यायचं नाही का?

(पाकिटावर 'तातडीचे' असं लिहून पोस्टाच्या मोठ्या कचेरीतून टाकतोय.)

१८ ऑक्टोबर

मामा,

तुमचं तातडीचं पत्र साहेबांनी स्वतः आणून दिलं. माझं तोंड बघून त्यांनी आईचा फोनही ठेवला.

परत यायचं नाही असं नाही. खरं लिहितो, तोंडावर कधी बोलता आलं नसतं. लग्नापासून मी तुमच्या घरात राहतोय. तुम्ही कधी एका शब्दाने दुखवलं नाहीत. जेवताना पहिलं ताट मला वाढता, पंख्याखालची खुर्ची मला सोडता. पाहुण्यासारखं. गल्लीत मला सगळे 'शिंप्याचा जावई' म्हणतात. भिंतीला खिळा ठोकायचा तरी मला वाटतं विचारावं, आणि विचारायला संकोच वाटतो, म्हणून माझा शर्ट चार वर्षं दाराच्या कडीला लटकतोय. इथे माझ्या नावाचं कपाट आहे. यंत्र बंद पडलं की माझ्या नावाने हाक येते. साहेबांनी दोन वर्षांचं विचारलं तेव्हा मी लगेच हो म्हटलं, आणि मग तिला लिहायला बसलो की हात चालेना. तीन पत्रं फाडली.

त्या घरात माझी म्हणावी अशी ती एक मोटरसायकल होती. म्हणून भोकाचं ऐकून मी धरणावर जाऊन बसलो. हे लिहिताना मलाही हसू येतंय, पण तसंच आहे.

ती काय म्हणते? तिने सही केली का? काहीही असो, कळवा.

२२ ऑक्टोबर

जावईबापू,

हे पत्र टपालाने येत नाहीये. ते आणणारी व्यक्ती तुमच्या फाटकाशी उभी असेल. आधी तिला बसायला द्या, पाणी द्या, मग पुढे वाचा.

तुमचं पत्र तायडीला वाचायला दिलं. तुम्हाला विचारलं नाही, दिलं. तिने ते दोनदा वाचलं आणि आठवड्याची रजा टाकून आली. दोन दिवसांचा रस्ता, डोंगरातला. मी नको म्हटलं, रागावलो, दुखतंय म्हणून कंबर धरून बसलो. ती म्हणाली, "बाबा, वायर तुम्ही ओवलीत ना? मग भीती कसली?" आता स्वतःच्या शिवणीवर शंका कशी घेऊ?

खुर्चीचं म्हणाल तर ती मी तुम्हाला सोडत होतो कारण तिचा एक पाय लुळा आहे आणि मला भीती वाटते. पहिलं ताट मात्र मानाचं होतं, ते बंद करतो.

आता कामाचं बोलू. दुकान उघडलंय. कंपाउंडरने गावभर सांगितलं आणि दारात पाच मोटरसायकली उभ्या आहेत. मी भोक पाडतो, काज करतो, वायर ओवतो, झकास. पण ती दुसऱ्या टोकाला गेल्यावर काय करते ते मला कळत नाही. एका गाडीचा दिवा ब्रेक दाबला की विझतो. एकीचा इशारा दोन्हीकडचा एकदमच लागतो, मालक कोपऱ्यावर उतरून हाताने दाखवतो. त्याच्या बायकोने मला रस्त्यात गाठून जे सुनावलं ते तायडीकडून ऐका.

तेव्हा मी दया करत नाहीये आणि पाहुणचारही नाही. मला जावई नकोय, तो आहेच. मला वायरमन पाहिजे. नाही म्हणालात तरी मी समजून घेईन, पण मग या पाच जणांना काय सांगायचं ते तुम्हीच कळवा.

तायडीने कागदावर सही केली की नाही, मला माहीत नाही. तिने मला विचारलं नाही आणि ते बरोबरच केलं.

तुमचा सासरा

२७ ऑक्टोबर

मामा,

ती परवा संध्याकाळी पोचली. फाटकावरच्या पहारेकऱ्याने येऊन सांगितलं, "एक बाई आल्या आहेत, मोटरसायकलवर, आणि तुम्हाला बोलावत नाहीयेत, घेऊन या म्हणतायत." मी धावत गेलो. गुडघ्यापर्यंत चिखल, चेहऱ्यावर धूळ. आणि मी, मामा, आधी हँडल बघितलं, मग तिच्याकडे. हा क्रम चुकला हे मला जागीच समजलं.

"बघून घे," ती म्हणाली. "वायर दिसते का कुठे?"

दिसत नव्हती. मी खाली वाकून बघितलं, बोट फिरवलं. वीजघरात अकरा वर्षांचा अनुभव असलेली माणसं आहेत, अशी कड कुणाला जमायची नाही. तसं मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "ते बाबांना लिही. मला दोन वर्षांचं सांग."

मग आम्ही भांडलो. जेवणघरात, सगळ्यांसमोर, कारण दुसरी जागा नव्हती. ती म्हणाली मी तिला न विचारता दोन वर्षं दिली. मी म्हटलं तिने मला न विचारता गाडी घेतली. ती म्हणाली, "गाडी परत आणली ना मी? तू वर्षं परत आणशील?" यावर आचाऱ्याने हातातली पळी खाली ठेवली आणि म्हणाला, "भाऊ, आता तुम्ही गप्प बसा." मी बसलो. सही तिने केली नव्हती. तो कागद तिने माझ्या हातात दिला आणि म्हणाली, काय करायचं ते तू ठरव, पण माझ्यासमोर ठरव. मी तो साहेबांना परत केला. त्यांना वाईट वाटलं, मग त्यांनी विचारलं की त्यांच्या गाडीच्या वायरीही आतून जातील का.

मुदत उद्या संपते. परवा सकाळी निघतो. गाडी ती चालवणार, मी मागे. निम्म्या रस्त्यानंतर बदलू असं ती म्हणते, निम्मा रस्ता कुठे येतो हे सांगत नाही. त्या पाच जणांना थांबवून ठेवा, आणि ब्रेकवर दिवा विझणाऱ्याला तोवर पायी फिरायला सांगा.

हे पत्र जीपने जाईल, म्हणजे आम्ही पोचल्यावर दोन-तीन दिवसांनी तिथे येईल. पोस्टमनकडून बहुतेक मीच घेईन आणि तुम्ही चष्मा सापडत नाही म्हणाल, म्हणून मलाच वाचून दाखवावं लागेल. ते लक्षात घेऊन लिहितो: मामा, तुम्ही मला त्या घरात पाहुणा कधीच केला नव्हता. मीच बॅग न उघडता चार वर्षं बसून राहिलो.

एवढं वाचून झालं की मी खोकल्याचं निमित्त करून अंगणात जाईन. लगेच हाक मारू नका. पाच मिनिटांनी मारा, आणि जावईबापू म्हणू नका.